कुलशोध, वाशिम जिल्ह्यातील

कुलशोध, वाशिम जिल्ह्यातील : एखाद्या कुटुंबाच्या मागील पिढ्यांतील व्यक्ती, त्यांची परस्परनाती, वास्तव्य, व्यवसाय आणि स्थलांतरे ही लेखी व मौखिक साधनांच्या आधारे निश्चित करण्याच्या अभ्यासास कुलशोध किंवा वंशशोधन म्हणतात. वंशावळ हे कुलशोधाचे फलित होय. परंतु प्रत्येक वंशावळ कुलशोधातून सिद्ध झालेली असतेच असे नाही. सूर्यवंशापासून किंवा एखाद्या ऋषीपासून आरंभ करणाऱ्या वंशावळी महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. त्यांचा हेतू प्रतिष्ठेचा असतो, पुराव्याचा नसतो. याउलट कुलशोधात प्रत्येक पिढीचा पुढील पिढीशी असलेला सांधा कोणत्या तरी समकालीन नोंदीने जोडावा लागतो. वाशिम जिल्ह्यात, आणि एकूणच वऱ्हाडात, अशा नोंदी कुटुंबांसाठी म्हणून कधीच ठेवल्या गेल्या नाहीत. त्या सारा, वतन, पुण्यकर्म, मृत्यू किंवा शाळा यांसाठी झाल्या. त्यामुळे येथील कुलशोधाची रीत ही मुख्यतः वेगवेगळ्या हेतूंनी केलेल्या नोंदी एकमेकींस ताडून पाहण्याची रीत आहे.

या अभ्यासाची शास्त्रशुद्ध पद्धती यूरोपात चर्चच्या नोंदवह्यांवर उभी राहिली. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये प्रत्येक पॅरिशमधील (चर्चच्या हद्दीतील गाव वा वस्ती) बाप्तिस्मे, विवाह आणि दफने यांची साप्ताहिक नोंद ठेवण्याचा आदेश दिला. आरंभीच्या वह्या कागदी होत्या. १५९८ मध्ये त्या चर्मपत्रावर उतरवून काढण्याचे ठरले, तेव्हा राणी पहिली एलिझाबेथ हिच्या राज्यारोहणापासूनच्या (१५५८) नोंदी विशेषेकरून उतराव्यात अशी मुभा मिळाल्याने त्यापूर्वीच्या वीस वर्षांच्या नोंदी पुष्कळ ठिकाणी नष्ट झाल्या. १५९८ पासूनच दरवर्षीची एक नक्कल बिशपकडे पाठविण्याची प्रथा पडली. मूळ वही जळाली वा भिजली, तरी तिची नक्कल दुसरीकडे सापडते, हा त्या व्यवस्थेचा मोठा गुण. सतराव्या शतकाच्या मध्यास यादवी युद्धाच्या काळात या वह्यांत मोठे खंड पडले. १८३७ मध्ये शासकीय जन्म-मृत्यू नोंदणी सुरू होईपर्यंत सामान्य इंग्रज कुटुंबाचा माग काढण्याचे हेच प्रमुख साधन होते. कॅथलिक देशांत ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये असाच नियम केला. पोर्तुगीज अमलामुळे गोव्यातील चर्चमध्येही अशी दफ्तरे ठेवली गेली.

मीशेल फ्लरी आणि ल्वी आंरी या फ्रेंच अभ्यासकांनी १९५६ मध्ये या वह्यांवरून ‘कुटुंब-पुनर्रचना’ करण्याची रीत मांडली. प्रत्येक विवाहासाठी एक पत्र करावयाचे, त्यावर पतिपत्नींचे जन्म व मृत्यू आणि त्यांच्या अपत्यांचे जन्म, विवाह व मृत्यू वह्यांतून शोधून उतरवावयाचे, असे तिचे स्वरूप आहे. ई. ए. रिग्ली याने डेव्हनमधील कॉलिटन या पॅरिशला ही रीत लावून १९६६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेथे १६४५-४६ मध्ये प्लेगची मोठी साथ येऊन गेली होती. त्यानंतरच्या काळात स्त्रियांचे प्रथम विवाहाचे सरासरी वय सु. २७ वरून सु. ३० वर गेल्याचे त्याने दाखविले. कोणीही लिहून न ठेवलेली ही गोष्ट केवळ नावे जुळविल्याने उजेडात आली. या पद्धतीची मर्यादाही त्याच वेळी स्पष्ट झाली. जी कुटुंबे गावातच राहिली त्यांचीच पत्रे पूर्ण होतात. गाव सोडणारा मनुष्य वहीतून नाहीसा होतो. वऱ्हाडातील कुलशोधात हाच प्रश्न अधिक तीव्रतेने समोर येतो.

वाशिमच्या भूमीशी निगडित असलेले वंशनिश्चितीचे सर्वांत जुने उदाहरण राजघराण्याचे आहे. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील कोरीव लेखात या घराण्याची वंशावळ आहे. तथापि लेखातील अक्षरे झिजलेली असल्याने प्रथमच्या वाचकांनी अस्पष्ट जागी वाकाटकांच्या ज्येष्ठ शाखेतील राजांची नावे वाचली आणि दोन शाखांची मिळून एकच वंशावळ बनली. १९३९ मध्ये वाशिम येथील दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट उजेडात आला. या राजाच्या सदतिसाव्या राज्यवर्षी दिलेल्या या ताम्रपटात तो सर्वसेनाचा पुत्र व प्रवरसेनाचा नातू असल्याचे म्हटले आहे. त्यानंतर वा. वि. मिराशी यांनी अजिंठ्याचा लेख पुन्हा तपासून तेथेही सर्वसेनाचेच नाव असल्याचे दाखविले [→ वाकाटक घराणे]. ताम्रपटातील वंशवर्णनाचा भाग संस्कृतात आणि दानाचा व्यावहारिक भाग प्राकृतात आहे. दान घेणाऱ्या अथर्ववेदी ब्राह्मणांची नावे गोत्रांसह दिलेली आहेत. परंतु त्यांच्यापासून आजच्या कोणत्याही घराण्यापर्यंत येण्यास मधले दुवे नाहीत. राजांचा वंश दोन लेखांनी जुळला, प्रतिग्राही कुटुंबांचा जुळत नाही. सामान्य घराण्यांचा लेखी माग येथे साधारणतः मोगलकाळापासून आणि तोही वतनदारांपुरताच लागतो.

कोणत्याही घराण्याचा शोध घेताना गाव कोणत्या काळी कोणाच्या अमलाखाली होते, हे प्रथम ठरवावे लागते. कारण कागद अमलाच्या मागोमाग जातात. अकबरकालीन वऱ्हाड सुभ्यात वाशिम हे एका सरकारचे (अनेक परगण्यांच्या विभागाचे) ठाणे होते. अठराव्या शतकात वऱ्हाडात निजाम आणि नागपूरकर भोसले यांचा दुअंमल चालला. महसुलाची वाटणी साठ-चाळीस अशी होई. म्हणून एकाच गावाचा हिशेब दोन दफ्तरांत असण्याचा संभव असतो. १८०३ च्या देवगावच्या तहानंतर भोसल्यांचा वाटा निजामाकडे गेला आणि पुढील अर्धशतकात मक्तेदारांचा कारभार चालला. तो काळ कुलशोधकाला सर्वांत कठीण जातो. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. वाशिम हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यात वाशिम, मंगरूळ आणि पुसद हे तालुके होते. १९०५ मध्ये तो मोडून वाशिम व मंगरूळ हे तालुके अकोला जिल्ह्याला आणि पुसद यवतमाळला जोडले गेले. कारंजा हे गाव मूर्तिजापूर तालुक्यात होते व हा तालुका त्याच वर्षी अमरावतीतून अकोल्यात आला. आजचा वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. परिणामी, कारंज्यातील एखाद्या घराण्याचे १८९० चे कागद अमरावतीत, १९३० चे अकोल्यात आणि १९५० पूर्वीचा काही शासकीय पत्रव्यवहार मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी नागपूर येथे पाहावा लागतो. मोगलकालीन फार्सी कागदांसाठी हैदराबादचे पुराभिलेखागार धुंडाळावे लागते. जिल्हा नवा असल्याने जिल्ह्याच्या ठिकाणी जुने दफ्तर असणारच, हा समज अनेकांचा वेळ वाया घालवतो.

देशमुख, देशपांडे, पाटील आणि पांडे (गावचा हिशेब ठेवणारा, देशावरील कुलकर्णी) यांची घराणी वतनामुळे कागदावर आली. वतनाचा वाद उपस्थित झाला, की पंचांसमोर महजर होई. त्यात वादी व प्रतिवादी आपापल्या पूर्वजांची नावे, भाऊवाटण्या, दत्तकविधान आणि परागंदा झालेल्या शाखा यांचे तपशील सांगत. भांडण नसते, तर ही माहिती लिहिलीच गेली नसती. सुखाने नांदलेल्या घराण्याविषयी कागद मुके असतात, असे या साधनाबद्दल म्हणता येईल. इंग्रजी अमलात इनामांची चौकशी झाली, तसेच पाटील-पटवाऱ्यांच्या नेमणुकीत वारसाहक्क पाहिला जाऊ लागला, तेव्हा वतनदारांनी लेखी वंशावळी दाखल केल्या. हे कागद मोलाचे आहेत. मात्र ते हक्क सांगण्यासाठी सादर केलेले असल्याने त्यांत प्रतिस्पर्धी शाखा गाळलेली असण्याची शक्यता गृहीत धरावी लागते. वऱ्हाडच्या या जुन्या कागदांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधण्याचे कार्य या. मा. काळे यांच्या वऱ्हाडचा इतिहास (१९२४) या ग्रंथाने आणि य. खु. देशपांडे यांच्याशी निगडित असलेल्या यवतमाळच्या शारदाश्रमाने केले.

वतन नसलेल्या शेतकऱ्याचे नाव सलगपणे आढळू लागते ते मुंबई पद्धतीची जमीनमोजणी वऱ्हाडात १८६१ पासून लागू झाल्यावर. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर आणि प्रत्येक नंबराला खातेदार ठरला. खातेदार मेला, की वारसांची नावे चढत. शेत विकले, की फेरफार होई. एका सर्व्हे नंबराचा माग मागे मागे काढीत गेल्यास तीनचार पिढ्यांचे सांधे मिळतात. १९५४-५५ च्या सुमाराचा अधिकार अभिलेख हा या मालिकेतील विशेष उपयुक्त टप्पा होय. या कागदांची परिभाषा फार्सी वळणाची आहे. देशावर जेथे ‘बिन’ लिहीत तेथे वऱ्हाडात ‘वल्द’ (-चा मुलगा), विवाहितेसाठी ‘जौजे’ आणि विधवेसाठी ‘बेवा’ असे लिहिले जाई. आडनाव पुष्कळदा नसतेच; नाव, बापाचे नाव, जात आणि गाव एवढ्यावर ओळख भागे. स्त्री जमिनीच्या कागदात येते ती बहुधा विधवा झाल्यावर, आणि तेव्हाही पतीच्या नावाने.

कोतवाल बुक : इंग्लंडमधील पॅरिशच्या वहीशी जवळचे नाते सांगणारे वऱ्हाडातील साधन म्हणजे विदर्भात ‘कोतवाल बुक’ या नावाने ओळखली जाणारी जन्म-मृत्यूची पंजी होय. गावात जन्म वा मृत्यू झाला, की त्याची वर्दी गावकामगारांमार्फत पोचून तिची नोंद होई. तारीख, गाव, बापाचे किंवा मृताचे नाव, जात, लिंग आणि मृत्यू असल्यास कारण, असे तिचे रकाने असत. पुढे या पंज्या तहसील कार्यालयांच्या अभिलेखकक्षांत जमा झाल्या. चर्चची वही आणि ही पंजी यांत मात्र एक मूलभूत भेद आहे. बाप्तिस्मा हा नामकरणाचाच विधी असल्याने तेथे मुलाचे नाव अटळपणे येते. कोतवालाची वर्दी बारशापूर्वीच गेलेली असते. म्हणून तिच्यात ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच आढळते. विवाहाची नोंद तर नाहीच. ज्याचा जन्म नोंदला गेला तो नेमका कोणता मुलगा, हे शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरावरून किंवा भावंडांच्या जन्मक्रमावरून ठरवावे लागते. दाखल-खारीज रजिस्टरातील जन्मतारीखही पुष्कळदा मास्तरांनी अंदाजाने लिहिलेली असते. जून-जुलैतील एकाच तारखेला गावातील निम्मी मुले जन्मलेली दिसली, तर ती तारीख शाळा उघडण्याची समजावी.

मृत्यूच्या नोंदी जन्माच्या नोंदींपेक्षा अधिक बोलक्या आहेत. कारणाच्या रकान्यात ताप, पटकी, देवी, हगवण असे मोघम शब्द येतात. ‘ताप’ या शब्दाखाली कितीतरी वेगवेगळे रोग दडलेले असतात. तरी एकाच घरातील चारपाच मृत्यू काही आठवड्यांच्या अंतराने लागोपाठ आले, तर साथ किंवा दुष्काळ ओळखता येतो. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी वाशिमची स्थिती बिकट केली. तत्कालीन वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ ते १९०१ या दशकात ११ टक्क्यांनी घटून ३,५३,४१० झाली. १९१८ च्या इन्फ्ल्यूएंझाच्या साथीत मध्य प्रांत व वऱ्हाडात फार मोठी प्राणहानी झाली. कौटुंबिक आठवणींत ‘आजोबा लहानपणीच पोरके झाले, मामाच्या गावी वाढले’ असे मोघम वाक्य येते, तेव्हा या दोन काळांतील मृत्यूंची पंजी प्रथम पाहणे श्रेयस्कर ठरते. मामाच्या गावी वाढलेल्या मुलाचे शाळेतील नाव कधी कधी मामाच्या आडनावाने पडते आणि घराण्याचा धागा तेथे तुटतो. मूळ जनगणनापत्रके मिळाली असती, तर असे पुष्कळ धागे जुळले असते. पण इंग्लंडप्रमाणे ती येथे सामान्यतः जतन केली गेली नाहीत. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा महाराष्ट्रात १९७० मध्ये अमलात आला, त्यानंतरच्या नोंदी स्थानिक संस्थांच्या निबंधकांकडे सापडतात.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या : नाशिक, त्र्यंबकेश्वर, प्रयाग, काशी व गया येथील तीर्थोपाध्याय आपल्या यजमानांची नोंद गाववार व आडनाववार ठेवतात. यात्रेकरू आला, की त्याच्या गावावरून उपाध्याय ठरतो, जुनी वही निघते आणि पूर्वी येऊन गेलेल्या आप्तांच्या नावांखाली नव्या यात्रेकरूचा लेख घेतला जातो. पुष्कळ लेख यात्रेकरूंच्या स्वतःच्या हस्ताक्षरात असतात. श्राद्धात पिता, पितामह व प्रपितामह यांबरोबरच माता, पितामही, प्रपितामही आणि मातामह यांचाही नामोच्चार करावा लागत असल्याने यजमानाला ही नावे सांगावीच लागतात. जमिनीच्या कागदात न आढळणारी स्त्रियांची नावे आणि त्यांची माहेरे येथे मिळतात, ती यामुळे. वऱ्हाडातून गोदावरीकाठी जाणे त्या मानाने सुलभ असल्याने नाशिक-त्र्यंबकच्या वह्यांत सामान्य शेतकरी घराणीही येतात. काशी-गयेच्या वह्यांत ऐपतदारांचे प्रमाण अधिक असणे स्वाभाविक आहे. उपाध्यायांच्या घरांत वाटण्या झाल्या, की वह्यांच्याही वाटण्या होतात. त्यामुळे एकाच गावाच्या वह्या दोन घरी पाहाव्या लागतात. या वह्या खाजगी मालमत्ता असून त्या पाहण्यास बहुधा स्वतः यजमान म्हणून जावे लागते. हरद्वार येथील अशा वह्यांचे सूक्ष्मपट अमेरिकेतील युटा येथील वंशशास्त्रीय संस्थेने १९७० नंतर घेतले आहेत.

कारंज्याची साधने : जिल्ह्यातील सर्वांत समृद्ध कुलशोध-साधन कारंजा येथे, अनपेक्षित ठिकाणी, म्हणजे जैन मंदिरांतील मूर्तींच्या पीठांवर आहे. कारंजा हे दिगंबर जैन भट्टारकांचे मोठे केंद्र होते. बलात्कारगण, सेनगण आणि काष्ठासंघ या तीन परंपरांची मंदिरे तेथे आहेत. एखाद्या श्रावकाने मूर्तीची प्रतिष्ठा केली, म्हणजे तिच्या पीठावर शक किंवा संवत, तिथी, संघ व गण, प्रतिष्ठाचार्य भट्टारकाचे नाव आणि त्यानंतर दात्याची ज्ञाती, गोत्र, त्याचे नाव, भार्येचे नाव, पुत्र, कधी पुत्रांच्या भार्या असा क्रमवार तपशील कोरला जाई. धातूवर कोरलेला हा एक लहानसा कुटुंबपत्रकच होय. तो समकालीन असतो, दिनांकित असतो, नंतर कोणाला त्यात फेरफार करता येत नाहीत, आणि पुण्याचे वाटेकरी म्हणून स्त्रियांची नावे त्यात सन्मानाने येतात. या चारही गुणांचा योग वऱ्हाडातील दुसऱ्या कोणत्याही साधनात नाही. बघेरवाल ज्ञातीतील घराण्यांच्या दृष्टीने हे लेख विशेष महत्त्वाचे आहेत. राजस्थानातून आलेल्या या ज्ञातीची गोत्रनामे लेखांत टिकून राहिली आहेत.

या मूर्तिलेखांना हस्तलिखितांच्या पुष्पिकांची जोड मिळते. ग्रंथ लिहवून भांडारास अर्पण करणारा श्रावक शेवटी आपले कुल सांगतो. कारंज्याच्या भांडारांतील हस्तलिखितांची नोंद रायबहादुर हिरालाल यांनी मध्य प्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांच्या सूचीत (१९२६) केली. पुढे डॉ. हीरालाल जैन यांनी तेथील अपभ्रंश ग्रंथ संपादून प्रसिद्ध केले. मूर्तिलेख, पुष्पिका आणि पट्टावली यांची एकत्र जुळणी विद्याधर जोहरापूरकर यांनी भट्टारक संप्रदाय (१९५८) या ग्रंथात केली. त्यांचा विषय गुरुपरंपरा हा होता. परंतु एकाच नावाचे अनेक पुरुष वेगळे कसे करावेत, याचा उत्तम वस्तुपाठ त्यात मिळतो. कारंजा शाखेत धर्मचंद्र, देवेंद्रकीर्ती यांसारखी नावे पुनःपुन्हा येतात. केवळ नावावर विसंबल्यास तीन पुरुषांचा एक पुरुष होतो व शतकभराचा काळ आटतो. गुरूचे नाव, शिष्याचे नाव आणि वर्ष ही तिन्ही जुळली तरच व्यक्ती एक मानावयाची, हा नियम गृहस्थांच्या कुलशोधालाही जसाच्या तसा लागू पडतो.

मंगरूळपीर येथे पीर हयात कलंदर यांचा दर्गा आहे. अशा स्थानांशी संबद्ध असलेल्या मुस्लिम घराण्यांत शजरा (वंशवृक्ष) आणि इनामाच्या सनदा जपून ठेवण्याची पद्धत आढळते. काझींकडील निकाहाच्या नोंदींमुळे त्यांच्या बाबतीत, बहुसंख्य हिंदू कुटुंबांकडे नसलेला, विवाहाचा लेखी पुरावा मिळू शकतो.

बंजारा समाजाची स्थिती याहून निराळी आहे. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे या समाजाचे देशभरातील प्रमुख तीर्थस्थान मानले जाते. लमाणीचा व्यापार चालू होता तोपर्यंत तांडा बैलांच्या पाठीवर फिरता होता. गाव ठरलेले नसल्याने सातबारा, कोतवाल बुक, दाखल-खारीज यांपैकी कशातच त्यांची नोंद होण्याचे कारण नव्हते. रेल्वे व पक्क्या सडका झाल्यावर तांडे एका ठिकाणी स्थिरावले आणि नायकाच्या नावाने ओळखले जाऊ लागले. मात्र समाजाची स्वतःची वंशस्मृती बळकट आहे. राठोड, पवार, चव्हाण, जाधव इ. कुळे, त्यांच्या शाखा व उपशाखा आणि त्यांतील विवाहनिषेध हे सारे भाट व ढाडी यांच्या मुखी असते. विवाह जुळविताना याच स्मृतीचा आधार घेतला जातो, म्हणून तिच्यात चूक झाल्यास ती लगेच पकडली जाते. नित्य वापरात असलेली मौखिक वंशावळ ही पेटीत ठेवलेल्या कागदी वंशावळीपेक्षा अनेकदा अधिक विश्वसनीय असते. अर्थात ती नाती अचूक सांगते, वर्षे सांगत नाही. दक्षिण महाराष्ट्र व कर्नाटकात हेळवी हे असेच पिढीजात काम वहीच्या आधारे करतात.

जुळणीची पद्धती : कुलशोध वर्तमानाकडून भूतकाळाकडे, एकेक पिढी मागे जात करावयाचा असतो. नामांकित पूर्वपुरुष निवडून त्याच्यापासून खाली उतरण्याचा प्रयत्न बहुधा फसतो. महाराष्ट्रात आजोबांचे नाव नातवाला देण्याची चाल असल्याने ‘नारायण वल्द तुकाराम’ हा एकाआड एक पिढीत पुनःपुन्हा अवतरतो. अशा वेळी वय, सर्व्हे नंबर, भावांची नावे व पत्नीचे नाव यांपैकी निदान दोन बाबी स्वतंत्रपणे जुळल्याखेरीज व्यक्ती एक मानू नये. आडनावांवर भिस्त ठेवणे धोक्याचे असते. वतनामुळे ‘पाटील’ किंवा ‘देशमुख’, गाव सोडल्यामुळे जुन्या गावावरून पडलेले आणि शाळेत मास्तरांनी घातलेले, अशी तीन आडनावे एकाच घराण्याच्या तीन शाखांत दिसू शकतात. कोकणस्थांच्या घराण्यांचे कुलवृत्तांत विसाव्या शतकात मोठ्या प्रमाणावर निघाले, त्यांना आडनाव व गोत्र यांच्या स्थैर्याचा आधार होता [→ कुलवृत्तांत]. वऱ्हाडातील शेतकरी घराण्यांना तो नाही.

कालगणनेचे घोटाळेही लक्षात ठेवावे लागतात. शकात ७८ मिळविले आणि विक्रम संवतातून ५७ वजा केले, की साधारणतः इ. स. मिळते. दख्खनी फसलीत ५९०, तर उत्तर हिंदुस्थानी फसलीत ५९२ मिळवावे लागतात; काशीची वही आणि गावचा हिशेब यांत दोन वर्षांची तफावत दिसली, तर ती चूक नसून गणनेतील भेद असू शकतो. अरबी सुहूर सनात ५९९ किंवा ६०० ची भर घालावी लागते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतचे बरेच कागद मोडीत असून त्या लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही व शब्द तोडले जात नाहीत. नावाचा शेवट आणि जातीचा आरंभ एकमेकांत मिसळून भलतेच नाव वाचले जाण्याचा धोका नवशिक्याला नेहमीच असतो.

हा विषय केवळ हौशी अभ्यासकांचा राहिलेला नाही. महाराष्ट्रात जातीच्या दाखल्याची पडताळणी २००० च्या अधिनियमान्वये होते आणि जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या मानीव दिनांकांपूर्वीचा जातीचा व वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. त्यासोबत शपथपत्रावर वंशावळ द्यावी लागते. महाविद्यालयातील प्रवेश किंवा नोकरी टिकणे हे आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर, पणजोबांच्या मृत्यूच्या नोंदीवर आणि त्या दोहोंतील नाव एकच आहे हे दाखविता येण्यावर अवलंबून राहते. ज्या घराण्याकडे जमीन होती त्याला सातबारा व फेरफार यांचा आधार असतो. भूमिहीन मजूर, फिरता तांडा आणि शाळेची पायरी न चढलेली पिढी यांच्याकडे तो नसतो. अशा कुटुंबांना बहुधा कोतवाल बुकातील एखाद्या ओळीचा आणि आधी प्रमाणपत्र मिळालेल्या पित्याकडील नातेवाइकांचाच भरवसा उरतो. आईकडील पुरावा कितीही जुना व स्पष्ट असला, तरी तो पितृवंशाच्या साखळीत सामान्यतः बसत नाही.

२०२३ मध्ये मराठा-कुणबी नोंदींच्या शोधासाठी नेमलेल्या निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीचे कार्यक्षेत्र आरंभी मराठवाड्यापुरते होते. नंतर ते राज्यभर विस्तारले. तेव्हा तहसील कार्यालये, शाळा, भूमी अभिलेख आणि दुय्यम निबंधक यांच्याकडील जुनी दफ्तरे प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर उघडली गेली. मोडी वाचकांची टंचाई जाणवली आणि सापडलेल्या नोंदींच्या प्रतिमा जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवण्यात आल्या. या शोधात जातीचा रकाना मुख्य होता. नावांची गाववार व घराणेवार सूची करणे हा हेतू नव्हता. ‘कु.’ अशा एका अक्षराने जात दर्शविणारी ओळ त्यात टिपली गेली, पण तिच्या वरची व खालची ओळ, ज्यांत त्याच घरातील दुसरा मृत्यू असू शकतो, ती शोधकाला आजही मूळ वहीतच पाहावी लागते. वहीचा कागद ठिसूळ झाला असल्यास तिची नक्कल देण्यापूर्वी अभिलेखपाल पान उलटू देत नाहीत. अर्जात गाव, वर्ष व शक्य तर महिना नमूद करावा लागतो.